इटरेटर : संग्रहातील फेरीची व्यवस्था

संगणकाची कोणतीही आज्ञावली उघडून पाहिली, तर तिच्यात दोन गोष्टी हमखास आढळतात. एक म्हणजे अनेक वस्तू एकत्र सांभाळणारा संग्रह आणि दुसरी म्हणजे त्या संग्रहातील प्रत्येक वस्तूवर काही क्रिया करणारी फेरी. बँकेतील खातेदारांची यादी, रेल्वेची प्रतीक्षायादी, मोबाइलमध्ये साठविलेले दूरध्वनी क्रमांक, ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद हे सारे संग्रहच होत. व्याज आकारणे, रद्द झालेली तिकिटे वगळणे, नाव शोधणे ही कामे अखेरीस 'एक घ्या, काम करा, पुढचा घ्या' याच क्रमाने होतात. हा पुढचा घटक कसा घ्यावयाचा आणि घटक संपले हे कसे ओळखावयाचे, याची व्यवस्था पाहणाऱ्या वस्तूला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये 'इटरेटर' असे म्हणतात.

व्याख्येच्या भाषेत सांगावयाचे, तर संग्रहाची अंतर्गत रचना उघड न करता त्यातील घटक एकामागून एक हाती देणारी स्वतंत्र वस्तू म्हणजे इटरेटर. ही कल्पना समजण्यास जपमाळेचे उदाहरण उपयुक्त ठरते. जपमाळेत १०८ मणी असतात आणि त्यांखेरीज एक मेरुमणी असतो. जप करणाऱ्याचे बोट ज्या मण्यावर असते ती झाली चालू जागा. बोट पुढे सरकविणे म्हणजे पुढचा घटक घेणे. मेरुमणी हाताला लागला की फेरी पूर्ण झाली. तो मोजणीत धरला जात नाही आणि ओलांडलाही जात नाही. माळ सुतात ओवली आहे की रेशमात, याच्याशी जप करणाऱ्याला कर्तव्य नसते. इटरेटर वापरणाऱ्या आज्ञावलीचे संग्रहाशी असलेले नाते नेमके असेच असावे लागते.

रचना झाकून ठेवण्याचे कारण

संग्रह अनेक प्रकारे रचता येतो. 'अॅरे'मध्ये घटक मेमरीत शेजारीशेजारी असतात आणि क्रमांकावरून थेट सापडतात. 'लिंक्ड लिस्ट'मध्ये प्रत्येक घटकाला केवळ आपल्या पुढच्याचा पत्ता ठाऊक असतो. 'ट्री'मध्ये घटक वंशवृक्षाप्रमाणे फांद्यांवर असतात, तर 'हॅश टेबल'मध्ये ते गणिताने ठरविलेल्या कप्प्यांत विखुरलेले असतात. या तयार प्रकारांनी काम भागत नाही, तेव्हा प्रोग्रॅमर स्वतःचा संग्रह क्लास लिहितो. त्या क्लासचा आतील ढाचा वापरणाऱ्याला दाखवावा काय, हा प्रश्न तेथे प्रथम उभा राहतो.

समजा, यादीच्या क्लासने 'अमुक क्रमांकाचा घटक द्या' एवढीच सोय दिली आणि तिच्या आधारे सर्वत्र शून्यापासून शेवटपर्यंत मोजणारे लूप लिहिले गेले. आत अॅरे असेपर्यंत सारे सुरळीत चालेल. उद्या काही कारणाने आत लिंक्ड लिस्ट आली, तर प्रत्येक घटकासाठी आरंभापासून चालत जावे लागेल. १,००० घटकांच्या यादीत पहिल्यासाठी शून्य पावले, दुसऱ्यासाठी एक आणि शेवटच्यासाठी ९९९, अशी एकूण ४,९९,५०० पावले पडतील. ज्याला आपली चालू जागा स्मरते, अशा इटरेटरला हेच काम सुमारे १,००० पावलांत उरकता येते. घटक दहापट झाले, तर पहिल्या पद्धतीचे काम शंभरपट वाढते आणि दुसऱ्या पद्धतीचे दहापटच वाढते. थोड्या माहितीवर तपासलेली आज्ञावली प्रत्यक्ष वापरात अडखळते, त्यामागे अनेकदा असाच एखादा लूप दडलेला असतो.

कल्पनेचा प्रवास

इटरेटरची कल्पना जावा किंवा सी प्लस प्लस या भाषांहून जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात 'क्लू' ही भाषा घडविली. कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याच सुमारास 'अल्फार्ड' भाषेवर काम सुरू होते आणि तीत 'जनरेटर' नावाची योजना होती. १९७५ साली झालेल्या भेटीत ही योजना क्लूच्या गटाला समजली. कल्पना आवडली, पण ती वापरण्यास बोजड वाटली. त्यातून क्लूमध्ये इटरेटरची सुटसुटीत रचना आली. घटक देऊन तात्पुरते थांबावयाचे आणि पुन्हा मागणी होताच तेथूनच पुढे चालू लागावयाचे, असे तिचे स्वरूप होते आणि त्यासाठी 'यील्ड' हा शब्द योजला होता. लिस्कोव्ह यांना पुढे २००८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

१९९४ साली एरिख गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस यांचा 'डिझाइन पॅटर्न्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील २३ रचनांमध्ये इटरेटरला स्थान मिळाले आणि 'कर्सर' हे त्याचे दुसरे नावही तेथे नोंदले गेले. त्याच वर्षी अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांची 'स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी' सी प्लस प्लसच्या नियोजित प्रमाण आवृत्तीसाठी स्वीकारली गेली. १९९८च्या प्रमाण आवृत्तीत ती समाविष्ट झाली. जावाच्या १९९६ सालच्या पहिल्या आवृत्तीत 'इन्यूमरेशन' होते. १९९८ अखेरीस आलेल्या १.२ आवृत्तीतील नव्या संग्रह चौकटीत त्याची जागा 'इटरेटर'ने घेतली. पायथनमध्ये २००१ सालच्या २.२ आवृत्तीपासून, तर जावास्क्रिप्टमध्ये २०१५च्या प्रमाण आवृत्तीपासून ही सोय आली. गो भाषेने प्रोग्रॅमरने लिहिलेल्या इटरेटरवर नेहमीच्या लूपने फिरण्याची मुभा २०२४ साली १.२३ आवृत्तीत दिली. पन्नास वर्षे होत आली, तरी भाषा घडविणाऱ्यांचा या विषयावरील विचार थांबलेला नाही.

शेवट ओळखण्याच्या पाच रीती

घटक संपल्याचे कसे सांगावे, याविषयी भाषाभाषांत एकवाक्यता नाही. जावामध्ये 'हॅजनेक्स्ट' हा प्रश्न वेगळा आणि 'नेक्स्ट' ही मागणी वेगळी असते. सी शार्पमध्ये 'मूव्हनेक्स्ट' एका दमात पुढे सरकतो आणि सरकता आले की नाही तेही सांगतो. घटक मात्र 'करंट'मधून वाचावयाचा असतो. पायथनमध्ये घटक संपताच 'स्टॉपइटरेशन' ही सूचना फेकली जाते आणि लूप ती मुकाट्याने झेलतो. जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक वेळी घटक आणि 'संपले काय' याचे उत्तर अशी जोडी मिळते. सी प्लस प्लसमध्ये आरंभ आणि अंत असे दोन इटरेटर घेतात. त्यांतील अंत हा शेवटच्या घटकावर नसून त्याच्या पलीकडच्या जागेवर असतो, मेरुमण्याप्रमाणे. आरंभ आणि अंत एकाच जागी असतील, तर संग्रह रिकामा आहे असे आपोआप ठरते. त्यामुळे रिकाम्या संग्रहासाठी वेगळा नियम करावा लागत नाही.

स्वतःचा संग्रह लिहिणाऱ्याने आपल्या भाषेची रीत निवडून ती तंतोतंत पाळणे हिताचे असते. कारण त्या रीतीवरच भाषेतील सुटसुटीत लूप उभा असतो. जावामध्ये २००४ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून, क्लासने 'इटरेबल' हा इंटरफेस स्वीकारला की प्रोग्रॅमरच्या संग्रहावरही 'फॉर ईच' लूप चालतो. सी प्लस प्लसमध्ये तशी सोय २०११च्या प्रमाण आवृत्तीने दिली.

संग्रह वेगळा, इटरेटर वेगळा

नवखा प्रोग्रॅमर चालू जागेचा आकडा संग्रहातच ठेवतो. एक क्लास वाचतो, म्हणून हा मार्ग सोपा भासतो. त्याचा दोष एका लूपच्या आत दुसरा लूप आला की उघडा पडतो. समजा, स्पर्धेतील ८ संघांचा प्रत्येकाचा प्रत्येकाशी तक्ता करावयाचा आहे. तक्त्यात ६४ चौकटी भरावयास हव्यात. बाहेरील लूपने पहिला संघ घेतला. आतील लूपने आकडा शून्यावर आणून आठही संघ संपविले. आता बाहेरील लूप 'पुढचा आहे काय' असे विचारतो, तेव्हा सामायिक आकडा शेवटाला पोहोचलेला असतो. उत्तर नकारार्थी येते आणि तक्त्याची पहिली ओळ, म्हणजे ८ चौकटी भरून काम थांबते. संगणक कोणतीही तक्रार करीत नाही.

एकाच माळेवर दोघांनी जप करावयाचा, तर दोघांची बोटे वेगळी हवीत. म्हणूनच घटक सांभाळणे ही संग्रहाची जबाबदारी आणि जागा स्मरणात ठेवणे ही इटरेटरची, अशी वाटणी प्रमुख भाषांनी केली आहे. जावामध्ये 'इटरेबल' आणि 'इटरेटर', सी शार्पमध्ये 'आय इन्यूमरेबल' आणि 'आय इन्यूमरेटर', पीएचपीमध्ये 'इटरेटर अॅग्रिगेट' आणि 'इटरेटर' अशा जोड्या त्यासाठीच आहेत. प्रत्येक नव्या फेरीच्या आरंभी संग्रहाने नवा कोरा इटरेटर द्यावा, हा या वाटणीचा मुख्य नियम होय.

इटरेटर वेगळा असला, तरी त्याला संग्रहाच्या खासगी माहितीपर्यंत पोहोचावे लागते. ती माहिती सर्वांसाठी खुली करणे हा त्यावरील उपाय नव्हे. जावामध्ये इटरेटर हा संग्रहाच्या पोटातील 'इनर क्लास' म्हणून लिहितात. त्याला घरातील माणसाप्रमाणे आतले सारे दिसते आणि बाहेरच्यांना केवळ इंटरफेस दिसतो. सी प्लस प्लसमध्येही संग्रहाच्या आत लिहिलेल्या क्लासला हीच मुभा असते.

एक उदाहरण : अलीकडील नोंदी

एटीएमच्या मिनी स्टेटमेंटवर खात्यातील अखेरचे काही व्यवहार छापून येतात. असे अखेरचे ठराविक व्यवहार सांभाळणारा 'अलीकडील नोंदी' हा संग्रह लिहावयाचा आहे, असे समजू. त्यासाठी वर्तुळाकार अॅरे वापरतात. जागा भरल्या की नवी नोंद सर्वांत जुन्या नोंदीच्या जागी लिहिली जाते.

कप्पे पाच आहेत आणि त्यांना ० ते ४ असे क्रमांक आहेत, असे धरू. एकूण सात नोंदी आल्या. पहिल्या पाचांनी सारे कप्पे भरले. सहावी नोंद शून्य क्रमांकाच्या कप्प्यात आणि सातवी एक क्रमांकाच्या कप्प्यात गेली. आता कप्प्यांत क्रमाने ६, ७, ३, ४, ५ या नोंदी आहेत. सर्वांत जुनी, म्हणजे तिसरी नोंद दोन क्रमांकाच्या कप्प्यात आहे. ग्राहकाला मात्र ३, ४, ५, ६, ७ असा काळानुसार क्रम हवा आहे. अॅरे जसाच्या तसा बाहेर दिला, तर हे गणित प्रत्येक वापरणाऱ्याला करावे लागेल आणि कोणीतरी ते हमखास चुकवील.

इटरेटरने तीन गोष्टी जाणल्या की पुरे : सर्वांत जुन्या नोंदीचा कप्पा, एकूण नोंदींची संख्या आणि आतापर्यंत दिलेल्या नोंदींची संख्या. पहिल्या दोन संग्रहाकडून मिळतात. तिसरी इटरेटरची स्वतःची असते आणि ती शून्यापासून सुरू होते. नोंद मागताच आरंभीच्या कप्प्यात दिलेल्यांची संख्या मिळवावयाची, बेरजेला पाचाने भागावयाचे आणि बाकी उरेल तो कप्पा उघडावयाचा. २ अधिक ० म्हणजे २, तेथे तिसरी नोंद मिळते. नंतर ३ आणि ४ या कप्प्यांत चौथी व पाचवी. पुढे २ अधिक ३ म्हणजे ५, पाचाने भागून बाकी शून्य, तेथे सहावी. अखेरीस एक क्रमांकाच्या कप्प्यात सातवी. दिलेल्यांची संख्या एकूण संख्येइतकी झाली की फेरी संपली. केवळ तीनच नोंदी असतील, तर तीन देऊन इटरेटर थांबतो आणि रिकाम्या कप्प्यांना हात लावीत नाही. एकही नोंद नसेल, तर पहिल्याच प्रश्नाला नकार मिळतो.

हिशेब जमला, तरी काही पथ्ये उरतात. 'पुढचा आहे काय' हा प्रश्न कितीही वेळा विचारला, तरी जागा हलता कामा नये. हा प्रश्न न विचारता थेट 'पुढचा द्या' म्हटले, तरी योग्य घटक मिळावयास हवा. घटक संपल्यावरही मागणी झाली, तर जावाच्या संकेताप्रमाणे 'नो सच एलिमेंट एक्सेप्शन' फेकावयाचे असते. त्याऐवजी रिकामी किंमत परत करणे धोक्याचे, कारण रिकामी किंमत हा काही संग्रहांत खराखुरा घटकही असू शकतो.

ट्रीसारख्या रचनेत चालू जागा एका आकड्यात मावत नाही. घटक चढत्या क्रमाने देण्यासाठी, ज्या फांद्यांकडे परतावयाचे आहे त्यांची चळत, म्हणजे 'स्टॅक', इटरेटरला बाळगावी लागते. ट्री समतोल असेल, तर ही चळत फार वाढत नाही. दहा लाख घटकांच्या पूर्ण समतोल ट्रीची उंची सुमारे २० असते. त्यामुळे सारे घटक आधी एका यादीत उतरवून घेण्यापेक्षा मागणीनुसार एकेक देणे मेमरीच्या दृष्टीने कितीतरी स्वस्त पडते.

फेरी चालू असताना बदल

इटरेटरच्या रचनेतील सर्वांत नाजूक प्रश्न, फेरी चालू असताना संग्रहच बदलला तर काय करावयाचे, हा आहे. रुग्णालयाच्या प्रतीक्षायादीत अ, ब, क, ड, इ अशी पाच नावे आहेत आणि ब व क यांनी आपली वेळ रद्द केली आहे, असे समजा. रद्द झालेली नावे काढण्यासाठी ०, १, २ असा मोजणारा लूप लिहिला. क्रमांक १ वरील ब काढताच मागची नावे एकेक जागा पुढे सरकतात आणि क हा क्रमांक १ वर येतो. लूप तोवर २ वर, म्हणजे ड कडे गेलेला असतो. क कडे कोणी पाहिलेच नाही. रद्द झालेले नाव यादीत राहते आणि एका रुग्णाची वेळ अकारण अडून बसते. दोन रद्द नावे शेजारी नसती, तर हा दोष दिसलाही नसता. चाचणीत तो निसटतो तो यामुळेच.

जावाच्या नेहमीच्या संग्रहांनी यावर बदलांची मोजणी ठेवण्याचा उपाय योजला आहे. घटक वाढला अथवा कमी झाला की संग्रहातील 'मॉडकाउंट' हा आकडा वाढतो. इटरेटर जन्मताना हा आकडा टिपून ठेवतो आणि प्रत्येक मागणीच्या वेळी ताडून पाहतो. तफावत आढळली, तर 'कन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन' फेकून तो तत्काळ काम थांबवितो. चुकीच्या उत्तरापेक्षा उघड थांबणे बरे, असे हे 'फेल फास्ट' धोरण आहे.

हे कुंपण मात्र पूर्ण बंदिस्त नाही. जावाच्या 'अॅरेलिस्ट'मध्ये पुढचा घटक आहे किंवा नाही, हे चालू जागा आणि एकूण संख्या यांच्या तुलनेने ठरते. पाच नावांच्या यादीत फॉर ईच लूप चालू असताना चौथे नाव यादीतून थेट काढले, तर चालू जागा ४ आणि एकूण संख्याही ४ होते. लूपला वाटते की फेरी संपली. पाचवे नाव न पाहताच तो बाहेर पडतो आणि एक्सेप्शनही येत नाही, कारण आकड्यांची पडताळणी 'नेक्स्ट'च्या वेळी होते आणि तो बोलावलाच जात नाही. फेल फास्ट वर्तन हे शक्य तितक्या प्रयत्नाने पुरविले जाते, आज्ञावलीच्या अचूकतेसाठी त्यावर विसंबू नये, असा इशारा जावाच्या अधिकृत माहितीतच दिलेला आहे.

सुरक्षित मार्ग असा की काढण्याचे काम इटरेटरकरवीच करावे. जावामधील इटरेटरची 'रिमूव्ह' ही मेथड घटक काढून आपली जागा आणि टिपलेला आकडा दोन्ही सावरते. स्वतःच्या संग्रहात ही सोय द्यावयाची नसेल, तर तसे स्पष्टपणे नाकारता येते. २०१४ सालच्या आठव्या आवृत्तीपासून तर ती लिहिली नाही, तरी नकार आपोआप मिळतो.

इतर भाषांनी वेगवेगळ्या वाटा चोखाळल्या आहेत. सी शार्पची 'लिस्ट' बदल आढळताच फेरी मोडते. सी प्लस प्लसमध्ये 'व्हेक्टर'ला वाढताना नवी जागा घ्यावी लागली, तर जुने सारे इटरेटर निकामी होतात आणि ते वापरल्यास काय होईल याची भाषा हमी देत नाही. तेथे घटक काढणारी 'इरेज' ही मेथड पुढच्या घटकाचा नवा इटरेटर परत देते. तोच घेऊन पुढे जावयाचे असते. रस्ट भाषेत फेरी चालू असताना संग्रह बदलणारी आज्ञावली कंपायलरच नाकारतो, त्यामुळे ही चूक आज्ञावली चालण्यापूर्वीच पकडली जाते.

अनेक थ्रेड एकाच संग्रहावर काम करीत असतील, तेव्हा बदल थांबविणे परवडत नाही. जावाच्या पाचव्या आवृत्तीपासून असलेला 'कॉपी ऑन राइट अॅरेलिस्ट' फेरीच्या आरंभीचे चित्र गोठवून तेच दाखवितो. बदल कमी आणि वाचन अधिक असेल तेथे तो योग्य ठरतो, कारण प्रत्येक बदलाला अॅरेची नवी प्रत करावी लागते. 'कन्करंट हॅशमॅप'चा इटरेटर प्रत काढीत नाही. फेरी सुरू झाल्यानंतरचे बदल तो दाखवील किंवा दाखविणारही नाही, मात्र मध्येच मोडणार नाही, एवढीच त्याची हमी असते. यांपैकी कोणते धोरण आपल्या संग्रहाला मानवेल, याचा निर्णय आरंभीच करून तो लेखी नोंदविणे आवश्यक ठरते.

फेरी कोणाच्या हाती?

आतापर्यंत पाहिलेल्या इटरेटरमध्ये 'पुढचा द्या' असे वापरणारा सांगतो. यास बाह्य इटरेटर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात वापरणारा आपले काम संग्रहाच्या स्वाधीन करतो आणि संग्रह ते प्रत्येक घटकावर स्वतःच चालवितो. हा आंतरिक इटरेटर होय. स्मॉलटॉकमधील 'डू' आणि रूबीमधील 'ईच' ही त्याची प्रसिद्ध रूपे. लिहिण्यास तो सोपा असतो. ट्रीसारख्या रचनेत तर फारच सोपा, कारण परतीच्या फांद्यांची चळत भाषा स्वतःच सांभाळते. परंतु दोन संग्रह शेजारी ठेवून त्यांचे घटक जोडीजोडीने ताडावयाचे असतील, तर तो अपुरा पडतो. दोन्ही फेऱ्यांचे लगाम एकाच वेळी हाती असावे लागतात आणि तसे ते बाह्य इटरेटरमध्येच असतात.

दोहोंचा मेळ 'यील्ड'ने घातला. पायथनमध्ये २००१ साली आणि सी शार्पमध्ये २००५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय आली. लिहिणारा साधा लूप लिहितो आणि घटक द्यावयाचा असेल तेथे 'यील्ड' म्हणतो. वापरणाऱ्याला मात्र बाह्य इटरेटर मिळतो. घटक मागणीनुसारच तयार होत असल्याने न संपणारी अंकमालिकाही अशा रीतीने देता येते.

या सोयीचीही दोन पथ्ये आहेत. सी शार्पमध्ये अशा मेथडच्या आरंभी लिहिलेली तपासणी, ती बोलावताना चालत नाही. पहिला घटक मागेपर्यंत ती थांबून राहते. त्यामुळे चुकीची माहिती एका ठिकाणी दिली जाते आणि तक्रार भलत्याच ठिकाणी उमटते. तपासणी वेगळ्या मेथडमध्ये ठेवून हा दोष टाळतात. दुसरे असे की पायथनचा जनरेटर एकदाच वापरता येतो. त्यातून आधी रकमांची बेरीज केली आणि मग सर्वांत मोठी रक्कम शोधण्यासाठी पुन्हा फेरी मारली, तर दुसऱ्या फेरीला एकही घटक मिळत नाही. साधा लूप असेल तर चूकही दाखविली जात नाही; अहवालात केवळ शून्य उमटते. संग्रहाच्या 'डंडर इटर' मेथडमध्ये यील्ड लिहिले, तर प्रत्येक फेरीला नवा जनरेटर मिळतो आणि हा धोका टळतो.

क्रमाची हमी

संग्रह घटक कोणत्या क्रमाने देईल, हेही इटरेटरच्या कराराचाच भाग असते. जावाचा 'हॅशमॅप' क्रमाची कोणतीही हमी देत नाही. पायथनच्या 'डिक्शनरी'ने नोंदीचा क्रम पाळण्याची हमी २०१८ सालच्या ३.७ आवृत्तीपासून दिली. गो भाषेत तर 'मॅप'वरील फेरीचा क्रम हेतुपुरस्सर बदलता ठेवला आहे, जेणेकरून योगायोगाने जुळलेल्या क्रमावर कोणी विसंबू नये. आपल्या संग्रहाचा क्रम ठरलेला असेल तर तसे सांगावे आणि ठरलेला नसेल तर तेही सांगावे. न सांगितलेला क्रमही काही वर्षांनी वापरणाऱ्यांच्या सवयीचा होतो आणि मग तो बदलणे कठीण जाते.

चाचणी कशी करावी?

इटरेटर पूर्ण झाल्यावर पुढील कसोट्या लावून पाहाव्यात, म्हणजे बहुतेक दोष घरातच सापडतात.

१. रिकाम्या संग्रहावर फेरी मारून पाहावी. एकही घटक मिळता कामा नये आणि आज्ञावली कोसळता कामा नये.

२. एकच घटक असलेला, काठोकाठ भरलेला आणि वर्तुळाकार रचनेत वळण घेतलेला संग्रह तपासावा.

३. 'पुढचा आहे काय' हा प्रश्न लागोपाठ अनेकदा विचारावा. एकही घटक गळता कामा नये.

४. तो प्रश्न न विचारता थेट घटक मागावेत. क्रम तोच यावयास हवा.

५. शेवटानंतर आणखी एकदा मागणी करावी. ठरलेला एक्सेप्शन यावयास हवा.

६. एकाच संग्रहावर दोन इटरेटर आळीपाळीने चालवावेत. एकाच्या चालीने दुसऱ्याची जागा हलता कामा नये.

७. फेरीच्या मध्ये घटक काढून आणि वाढवून पाहावेत. शेजारचे दोन घटक, उपान्त्य घटक आणि अंत्य घटक या तिन्ही स्थिती अवश्य घ्याव्यात.

८. फेरी अर्ध्यात सोडून नवी सुरू करावी. ती पहिल्या घटकापासूनच निघावयास हवी.

संग्रहाचा आतील ढाचा पुढे बदलला, तरी या आठही कसोट्या एका अक्षराचाही फेरफार न करता पुन्हा लावता येतात. तसे झाले, तर रचना खरोखरच झाकलेली राहिली असे समजण्यास हरकत नाही. कसोट्याच बदलाव्या लागल्या, तर आतील काहीतरी बाहेर डोकावत आहे हे निश्चित आणि ते कोठून डोकावते याचा शोध तेथूनच सुरू करावा लागतो.